लहान बागेतली नाशपाती: झाड आटोपशीर ठेवण्यामागचे शास्त्र

नाशपातीचे झाड मोकळे सोडले तर ते आठ-दहा मीटर उंची सहज गाठते, शंभर वर्षांहून अधिक जगू शकते आणि बियांपासून वाढवलेले असेल तर पहिले फळ दाखवायला कधीकधी दहा वर्षेही घेते. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील डॅनव्हर्स येथे सतराव्या शतकात गव्हर्नर जॉन एंडिकॉट यांनी लावल्याचे मानले जाणारे नाशपातीचे झाड आजही जिवंत आहे. असा वृक्ष चार-पाच मीटर रुंदीच्या परसबागेत कसा मावणार, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्यावर बहुतेकांना सुचणारे उत्तर म्हणजे कात्री: झाड वाढू लागले की छाटायचे, पुन्हा वाढले की पुन्हा छाटायचे. नाशपातीच्या बाबतीत हा उपाय नुसता अपुरा नाही, तर उलटा आहे, कारण कात्रीने हे झाड लहान राहत नाही. त्याचा आकार ठरतो तो जमिनीखालच्या खुंटाने, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या मुळांच्या भागाने, आणि फांद्यांना दिलेल्या कोनाने. या दोन गोष्टी नीट समजल्या, तर कात्रीचे काम वर्षातून एकदा, थोडक्यात आटोपते.

छाटणी उलटी का पडते, हे आधी पाहू. हिवाळ्यात पाने गळून झाड सुप्तावस्थेत जाते तेव्हा पुढच्या हंगामासाठीचा अन्नसाठा मुळांत आणि खोडात जमा झालेला असतो. त्या वेळी फांद्या आखूड केल्या तर साठा तेवढाच राहतो, पण तो वाटून घेणारे डोळे मात्र कमी होतात. परिणामी उरलेल्या मोजक्या डोळ्यांतून जोरकस, सरळसोट फुटवे निघतात, ज्यांना फळबागायतदार पानसोट म्हणतात. नाशपातीची मूळ प्रवृत्तीच उभे वाढण्याची असल्यामुळे हे पानसोट एका हंगामात मीटरभर किंवा त्याहूनही उंच जातात आणि त्यांच्यावर फळांचा एकही डोळा नसतो. पुढच्या हिवाळ्यात ते कापले की आणखी पानसोट येतात. माथ्यावर काठ्यांचे रान माजलेले आणि फळांचा पत्ता नसलेले झाड बहुधा आळशी माळ्याचे नसते. ते फार कष्टाळू माळ्याचे असते.

खुंट: झाडाचा निम्मा भाग, जो कोणी पाहत नाही

रोपवाटिकेतून आणलेले नाशपातीचे रोप म्हणजे प्रत्यक्षात दोन झाडे असतात. वरचा भाग फळाच्या जातीचा, म्हणजे विल्यम्स, कॉन्फरन्स, कॉमिस यांपैकी जी निवडली असेल तिचा. खालचा भाग म्हणजे खुंट, आणि त्यावर वरच्या जातीचे कलम बांधलेले असते. बी पेरून वाढवलेल्या नाशपातीला आईसारखे फळ येत नाही, म्हणून जात टिकवायची तर कलमाशिवाय पर्याय नाही. पण कलमाचा दुसरा फायदा लहान बागेसाठी अधिक मोलाचा आहे. झाड किती उंच जाईल, किती वर्षांनी फळ देईल आणि कोणत्या जमिनीत तग धरेल, या गोष्टी मुख्यतः खुंट ठरवतो.

नाशपातीच्याच बीजरोपाचा खुंट असेल तर झाड पूर्ण आकाराचे होते. लहान जागेसाठी शतकानुशतके वापरला जाणारा खुंट मात्र नाशपातीचा नाही. तो तिच्या कुळातल्या क्विन्सचा, म्हणजे बिहीचा आहे. झुडपासारखे वाढणारे हे झाड खालून पाणी आणि क्षार जेमतेम पुरवते, त्यामुळे वरची नाशपाती आवरून वाढते आणि लवकर फुलते. क्विन्स ए या खुंटावरचे झाड साधारण तीन ते चार मीटरपर्यंत जाते आणि क्विन्स सी वरचे त्याहून थोडे कमी. दोन्हींवर चौथ्या-पाचव्या वर्षी, कधी त्याआधीही, फळ धरते. जेथे कडाक्याची थंडी पडते किंवा फायर ब्लाइट या रोगाचा उपद्रव असतो, तेथे ओल्ड होम आणि फार्मिंगडेल या दोन नाशपातींच्या संकरातून निघालेल्या मालिकेतले खुंट अधिक वापरले जातात. ते रोगाला चांगला प्रतिकार करतात, पण त्यांतले बहुतेक क्विन्सइतके ठेंगणे ठेवत नाहीत.

क्विन्सचे काही हट्ट आहेत आणि ते आधीच माहीत असलेले बरे. त्याची मुळे उथळ असतात, म्हणून झाडाला जन्मभर खांबाचा किंवा तारेचा आधार लागतो आणि जमीन कोरडी पडली की ते चटकन कोमेजते. चुनखडीयुक्त, अल्कधर्मी जमिनीत त्याला लोह उचलता येत नाही, मग पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. अशी जमीन असेल तर क्विन्सचा मोह सोडून नाशपातीचाच एखादा मध्यम खुंट घ्यावा आणि झाड वळण देऊन आवरावे. तिसरा हट्ट जरा विचित्र आहे: काही जातींचे क्विन्सशी जमतच नाही. विल्यम्सचे कलम थेट क्विन्सवर बांधले तर सांधा वरवर जुळलेला दिसतो, पण आतून कच्चा राहतो आणि काही वर्षांनी भरल्या झाडाचे जोडावरच दोन तुकडे होऊ शकतात. म्हणून रोपवाटिकावाले मध्ये तिसऱ्याच जातीचा, बहुधा बरे हार्डीचा, तुकडा जोडतात, कारण बरे हार्डीचे दोघांशीही पटते. म्हणून रोप घेताना जातीचे नाव विचारून थांबू नये. खुंट कोणता आणि मध्ये तुकडा आहे का, हेही विचारावे. ज्याला याचे उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून लहान बागेसाठी रोप न घेणे शहाणपणाचे ठरेल.

हा सांधा ओळखणे कठीण नाही. खोडाच्या तळाशी, मुळांपासून वीतभर वर, एक गाठीसारखा फुगवटा किंवा गुडघ्यासारखा किंचित बाक दिसतो आणि त्याच्या वरची व खालची साल रंगाला आणि पोताला वेगळी असते. लागवडीच्या वेळी हा फुगवटा मातीच्या वर दहा ते पंधरा सेंटिमीटर राहिलाच पाहिजे. तो मातीत गाडला गेला, तर वरच्या जातीला स्वतःची मुळे फुटतात, खुंटाचे नियंत्रण संपते आणि ठेंगणे म्हणून लावलेले झाड काही वर्षांत मोठ्या वृक्षाच्या वाटेला लागते. दरवर्षी आच्छादन घालताना खोडाभोवती नकळत ढीग होतो आणि सांधा त्यात बुडतो, याकडेही लक्ष ठेवावे.

लागवडीबाबत याहून फारसे सांगण्यासारखे नाही. झाड सुप्तावस्थेत असताना लावावे, जागा दिवसातले निदान सहा तास ऊन मिळणारी आणि पाण्याचा निचरा होणारी असावी, जमिनीचा सामू सहा ते सातच्या दरम्यान असावा आणि खोडाभोवतीचे मीटरभर वर्तुळ गवतमुक्त ठेवावे, कारण गवत उथळ मुळांच्या तोंडचे पाणी पळवते. पहिली दोन वर्षे आळ्यात खोलवर पाणी द्यावे आणि वाफसा आल्याशिवाय पुन्हा देऊ नये. खताच्या बाबतीत हात आखडताच बरा. नव्या फांद्या एका हंगामात तीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर वाढत असतील तर झाडाचे पोट भरलेले आहे असे समजावे. त्याहून जास्त वाढत असतील, तर जादा नत्र पानसोटांना आणि रोगांना आमंत्रण देत आहे.

जोडीदाराचा प्रश्न

नाशपातीच्या फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात, तरीही एकटे झाड बहुधा फळ देत नाही, कारण फूल स्वतःचे पराग ओळखते आणि नाकारते. परागकण कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, पडला की त्यातून एक बारीक नलिका निघून अंडाशयाकडे वाढू लागते. त्या वाटेवर कुक्षीच्या खालच्या दांड्यात एक विशिष्ट प्रथिन असते, आणि परागाचे जनुकीय ओळखचिन्ह त्या फुलाच्या चिन्हाशी जुळले तर हे प्रथिन नलिकेची वाढ मध्येच थांबवते. चिन्ह वेगळे असेल तर नलिका पुढे जाते आणि फळ धरते. म्हणजे झाडाला केवळ पराग मिळून भागत नाही, तो परक्या जातीचा असावा लागतो.

एकाच जातीची दोन झाडे लावून हा प्रश्न सुटत नाही. कलमाने वाढवलेली जगातली सर्व विल्यम्स झाडे मुळात एकाच झाडाच्या फांद्या आहेत. इंग्लंडमध्ये आल्डरमॅस्टन येथे १७७० च्या सुमारास एका शाळामास्तरांच्या बागेत हे झाड आढळले आणि विल्यम्स नावाच्या रोपवाटिकाधारकामुळे त्याचा प्रसार झाला. पुढे हीच जात अमेरिकेत गेली, तेथे मूळ नाव हरवले आणि इनॉक बार्टलेट यांच्या बागेवरून ती बार्टलेट म्हणून विकली जाऊ लागली. त्यामुळे एक विल्यम्स आणि एक बार्टलेट अशी जोडी मोठ्या विचाराने लावणाऱ्याच्या बागेत प्रत्यक्षात एकच जात असते. दोन वेगळ्या जातींचेही प्रत्येक वेळी जमतेच असे नाही. विल्यम्स आणि सेकेल या दोघी एकमेकींना फळवत नाहीत.

दुसरी अट वेळेची आहे. दोन्ही जाती एकाच सुमारास फुलल्या पाहिजेत, म्हणून रोपवाटिकांच्या यादीत जातींचे लवकर, मध्यम आणि उशिरा फुलणाऱ्या असे गट दिलेले असतात. जोडीदार त्याच किंवा शेजारच्या गटातला निवडावा. काही जातींचे पराग मुळातच निकामी असतात, उदाहरणार्थ कॅटिलॅक किंवा मर्टन प्राइड. त्यांच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असल्यामुळे त्या दुसऱ्याकडून पराग घेतात, पण देऊ शकत नाहीत. लहान बागेत अशा जातीला जागा देणे म्हणजे तीन झाडांचा संसार मांडणे, तेव्हा ती टाळावी.

एकाच झाडाची जागा असेल तर तीन मार्ग उरतात. पंधरा-वीस मीटरच्या आत शेजारच्या बागेत वेगळ्या जातीचे झाड असेल तर मधमाश्यांना कुंपणाचे बंधन नसते आणि काम होऊन जाते. तसे नसेल तर एकाच खुंटावर दोन-तीन जातींची कलमे केलेले रोप मिळते, किंवा आपल्याच झाडाच्या एका फांदीवर दुसऱ्या जातीचे पाचर कलम करता येते. यात एक पथ्य मात्र पाळावे लागते: जोमदार जातीची फांदी दुसरीला दडपून टाकते, म्हणून छाटणी करताना दुबळ्या बाजूला झुकते माप द्यावे लागते. तिसरा मार्ग म्हणजे कॉन्फरन्स. इंग्लंडमध्ये रिव्हर्स यांच्या रोपवाटिकेत निघालेल्या या जातीला १८८५ साली भरलेल्या नाशपाती परिषदेवरून हे नाव मिळाले. जोडीदार नसतानाही ती थोडीफार फळे धरते, पण त्यांतली बरीचशी बिनबियांची, लांबोडकी आणि काकडीच्या घाटाची असतात. चवीत फरक पडत नाही, तरी जोडीदार मिळाल्यावर याच झाडाचे पीक आणि फळाचा आकार दोन्ही सुधारतात.

याशिवाय एक अडचण अशी आहे की मधमाश्यांना नाशपातीचे फूल फारसे आवडत नाही. त्यातल्या मधुरसात साखर कमी असते, आणि जवळपास दुसरे गोड फूल उमललेले असेल तर माश्या तिकडे वळतात. शिवाय नाशपाती सफरचंदाच्या आधी, हवेत गारवा असतानाच फुलते आणि तापमान दहा-बारा अंशांखाली असेल तर मधमाश्या पोळ्याबाहेर पडतच नाहीत. अशा दिवसांत भुंगे आणि एकट्या राहणाऱ्या रानमाश्या उपयोगी पडतात. झाडे मोजकी आणि लहान असतील, तर कोरड्या दुपारी मऊ कुंचल्याने एका जातीचा पराग दुसरीवर फिरवणे हा वेडगळ दिसणारा, पण खात्रीचा उपाय आहे.

या सगळ्याच्या आधीचा प्रश्न थंडीचा आहे. नाशपातीच्या डोळ्यांना जाग येण्यासाठी हिवाळ्यात साधारण शून्य ते सात अंश सेल्सिअसच्या दरम्यानचे ठरावीक तास मिळावे लागतात. युरोपीय जातींपैकी बहुतेकांना असे सहाशे ते हजार किंवा त्याहून अधिक तास लागतात. ते मिळाले नाहीत तर फुले उशिरा आणि तुरळक येतात, पालवी विरळ राहते आणि झाड वर्षागणिक खंगत जाते. आशियाई जाती यापेक्षा कमी थंडीवर भागवतात, आणि हूड, फ्लोरडाहोम किंवा पत्थरनाख यांसारख्या जाती सौम्य हिवाळ्यातही फुलतात. आपल्या हवेत न बसणारी जात कितीही नावाजलेली असली तरी तिच्यावर खत-पाण्याचा खर्च करण्यात अर्थ नाही.

फांदीचा कोन

उभी फांदी आणि आडवी फांदी यांत नाशपातीच्या दृष्टीने मोठा फरक आहे. फांदीच्या शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खाली वाहत येते आणि खालच्या डोळ्यांना दाबून ठेवते, त्यामुळे उभ्या फांदीत सारा जोर टोकाला एकवटतो. तीच फांदी आडवी केली की शेंड्याची ही हुकूमत ढिली पडते, वाढ मंदावते आणि फांदीच्या लांबीवर ठिकठिकाणी आखूड, जाडसर काड्या तयार होऊ लागतात. नाशपातीचे फळ मुख्यतः याच आखूड काड्यांवर, दोन वर्षांच्या आणि त्याहून जुन्या लाकडावर येते. फळाचा डोळा आणि पानाचा डोळा डोळ्यांनी ओळखता येतो: पानाचा डोळा लहान, टोकदार आणि फांदीला चिकटलेला असतो, तर फळाचा डोळा गोलसर, टपोरा आणि आखूड काडीच्या टोकाला बसलेला असतो. हिवाळ्यात कात्री हातात घेण्यापूर्वी हा फरक पाहण्यात घालवलेली दहा मिनिटे पुढच्या पिकाची राखण करतात.

म्हणून रोप लहान असतानाच फांद्या वाकवाव्यात. कोवळा फुटवा वीतभर झाला की खोड आणि फुटवा यांच्यामध्ये कपड्यांचा चिमटा अडकवला तरी कोन रुंदावतो. पुढे दोरी बांधून किंवा लाकडी पट्टीचा अडसर देऊन फांदी उभ्या रेषेपासून पन्नास-साठ अंशांवर आणावी. फांदी आडव्या रेषेच्याही खाली ओढू नये, कारण मग बाकाच्या सर्वांत उंच बिंदूवरून नवा पानसोट उठतो. जुनी, घट्ट झालेली फांदी वाकवण्याचा हट्ट धरल्यास ती सांध्यातून फाटते, तेव्हा हे काम पहिल्या तीन-चार वर्षांतच उरकलेले चांगले.

याच तत्त्वाचे टोकाचे आणि देखणे रूप म्हणजे भिंतीवर किंवा तारांवर सपाट वाढवलेले झाड. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या व्हर्साय येथील फळबागेत, जी १६७८ ते १६८३ दरम्यान घडवली गेली, ला कँतिनी या माळ्याने नाशपातीची झाडे अशी भिंतीलगत चढवली होती आणि ही पद्धत अजूनही बदललेली नाही. एका उभ्या खोडावरून दोन्ही बाजूंना, तीस ते चाळीस सेंटिमीटर अंतरावरच्या तारांवर, आडव्या फांद्यांच्या जोड्या बसवतात. दरवर्षी एक मजला या हिशेबाने चार-पाच वर्षांत सांगाडा पूर्ण होतो. रुंदी साडेतीन ते साडेचार मीटर लागते, जाडी मात्र हातभरच.

त्याहूनही कमी जागेसाठी एकदांडी तिरपे झाड आहे, आणि लहान बागेसाठी माझे झुकते माप त्यालाच. एकच खोड पंचेचाळीस अंशांत तिरपे तारेला बांधायचे, बाजूच्या सगळ्या फांद्या आखूड ठेवायच्या आणि झाडांत सुमारे पाऊण मीटर अंतर सोडायचे. तीन मीटर कुंपणावर अशी चार झाडे बसतात, म्हणजे चार जाती आणि जोडीदाराचा प्रश्नही आपोआप मिटलेला. प्रत्येक झाडाचे पीक थोडे असते, पण घरच्या खाण्याला एकदम मणभर नाशपाती नकोच असतात.

अशा वळण दिलेल्या झाडांची मुख्य छाटणी हिवाळ्यात करत नाहीत. ती वाढीच्या हंगामाच्या उत्तरार्धात, नव्या फुटव्यांचा बुंधा तपकिरी आणि लाकडासारखा कडक झाल्यावर करतात. त्या वेळी झाडाची वाढ ओसरत आलेली असते, त्यामुळे कापल्याजागी नवे फुटवे जोमाने निघत नाहीत, आणि कापलेली पाने गेल्यामुळे मुळांकडे जाणारा साठाही घटतो. मुख्य फांदीवरून निघालेला वीतभराहून लांब फुटवा, त्याच्या तळाशी असलेला पानांचा झुबका सोडून, पुढच्या तिसऱ्या पानावर कापायचा. आधीच्या काडीवरून निघालेला असेल तर झुबक्यापुढे एकच पान ठेवायचे. हिवाळ्यात मग वाळलेले, रोगट आणि एकमेकांवर घासणारे तेवढे काढावे, आणि बऱ्याच वर्षांनी आखूड काड्यांची गर्दी झाली की त्यांतल्या दुबळ्या काड्या विरळ कराव्यात.

वळण दिलेले झाड उत्साहाने फुलते आणि मग पेलणार नाही इतकी फळे धरते. एका झुबक्यात पाच ते सात फुले असतात. त्यातली काही फळे झाड स्वतःच गाळते, पण त्यानंतरही विरळणी करून प्रत्येक झुबक्यात एक किंवा फार तर दोन फळे ठेवावीत. यात केवळ आकाराचा प्रश्न नाही. वाढणाऱ्या बियांतून निघणारी जिबरेलिन ही संप्रेरके शेजारच्या डोळ्यांना पुढच्या वर्षीची फुले घडवू देत नाहीत, आणि हे डोळे याच हंगामात घडत असतात. भरमसाट फळे ठेवली की पुढचे वर्ष रिकामे जाते आणि झाडाला वर्षाआड फळण्याची सवय लागते. लावल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत आलेली फळे तर सगळीच काढून टाकावीत.

रोग-किडींपैकी एकाच रोगाची खरी धास्ती बाळगावी, तो म्हणजे फायर ब्लाइट. इर्विनिया अमायलोव्होरा या जिवाणूमुळे होणारा हा रोग मूळचा उत्तर अमेरिकेतला. वनस्पतींनाही जिवाणूंमुळे रोग होतो, हे सर्वप्रथम याच रोगावरून इलिनॉय येथील टॉमस बरिल यांनी १८८० च्या सुमारास दाखवले. इंग्लंडमध्ये तो १९५७ साली पोहोचला. उबदार, दमट हवेत जिवाणू फुलांतून शिरतो, कोवळा शेंडा काळा पडून छत्रीच्या मुठीसारखा खाली वळतो आणि जळाल्यासारखी दिसणारी पाने गळून न पडता फांदीलाच लटकत राहतात. हे दिसताच रोगट भागाच्या निदान तीस सेंटिमीटर खाली, निरोगी लाकडात काप घ्यावा, प्रत्येक कापानंतर कात्री सत्तर टक्के अल्कोहोलने पुसावी आणि कापलेला भाग जाळावा. जादा नत्राने फुटणारी कोवळी लुसलुशीत वाढ या जिवाणूला सर्वांत सोपी जाते, हे वर खताविषयी हात आखडता घेण्यामागचे खरे कारण.

बाकीच्यांशी जमवून घेता येते. पानांवर आणि फळांवर काळपट खरबरीत डाग पाडणारा स्कॅब पडलेली पाने गोळा केली आणि झाड मोकळे ठेवले की आटोक्यात राहतो. पानांवर नारिंगी ठिपके आणणारा तांबेरा आपले अर्धे आयुष्य जुनिपरच्या झुडपावर काढतो, म्हणून बागेत जुनिपर असल्यास कारण तेथेच शोधावे. सिला ही कीड रस शोषून चिकट स्राव टाकते आणि त्यावर काळी बुरशी चढते. फळ पोखरणाऱ्या कॉडलिंग मॉथसाठी कामगंध सापळे लावता येतात. फळे सुपारीएवढी असतानाच काळी पडून गळू लागली आणि आत बारीक पांढऱ्या अळ्या दिसल्या, तर ती नाशपातीच्या मिजमाशीची करामत असते. अशी फळे जमिनीवर पडण्याआधीच तोडून नष्ट केली की पुढच्या वर्षीचा उपद्रव घटतो.

तोडणी: झाडावर पिकू न देण्याचे कारण

युरोपीय नाशपाती झाडावर पिकवायची नसते. तिचे फळ आतून बाहेर पिकते, म्हणजे वरची साल हिरवी आणि कडक असताना गाभ्याशी मऊ पडण्याची क्रिया सुरू झालेली असते. झाडावरच मऊ होण्याची वाट पाहिली, तर बाहेरून पिकलेले फळ कापल्यावर आत तपकिरी, पिठूळ आणि आंबूस निघते. नाशपातीच्या गरात वाळूसारखे दाताखाली येणारे कण असतात, ते जाड आणि लाकडी भिंतींच्या पेशींचे पुंजके. फळ झाडावर रेंगाळले की हा खरखरीतपणाही वाढतो.

तोडणीची वेळ रंगावरून ठरवणे धोक्याचे आहे, कारण बऱ्याच जातींचा रंग फारसा बदलत नाही. त्याऐवजी फळ तळहातात धरून सावकाश वर, आडव्या रेषेपर्यंत उचलावे. देठ जेथे काडीला मिळतो तेथे एक बारीक गाठ असते, आणि फळ तयार असेल तर त्या गाठीतून देठ सहज सुटतो. ओढावे लागले, काडी वाकली किंवा साल सोलली गेली, तर आठवडाभराने पुन्हा पाहावे. सालीवरचे बारीक ठिपके पांढऱ्याचे तपकिरी होऊ लागणे, ही दुसरी खूण. एकाच झाडावरची फळे एकाच दिवशी तयार होत नाहीत, तेव्हा तीन-चार फेऱ्यांत तोडणी करावी.

तोडलेल्या फळाला पिकण्याआधी बहुतेक जातींत थंडीचा एक मुक्काम लागतो. या थंडीत फळाची इथिलीन वायू तयार करण्याची क्षमता जागी होते आणि पुढे हाच वायू त्याला पिकवतो. विल्यम्सला काही दिवस पुरतात, कॉमिसला साधारण महिना आणि आंजूला दोन महिने. घरातल्या फ्रीजचा सर्वांत थंड कप्पा यासाठी चालतो. त्यानंतर फळे अठरा ते एकवीस अंशांच्या खोलीत काढून ठेवली की चार ते सात दिवसांत पिकतात. घाई असेल तर कागदी पिशवीत एखादे सफरचंद सोबत ठेवावे, कारण त्यातून सुटणारे इथिलीन हे काम वेगाने करते. फळ पिकले की नाही हे पाहण्यासाठी पोट दाबू नये. देठाजवळची मान अंगठ्याने हलकेच दाबावी, ती किंचित दबली की फळ खाण्याजोगे झाले. पोट दबेपर्यंत थांबल्यास गाभ्याची वेळ टळून गेलेली असते.

आशियाई नाशपातीला यातले काहीच लागू होत नाही. गोलसर, सफरचंदासारखी दिसणारी ही फळे झाडावरच पूर्ण पिकतात आणि तोडल्यावर गोडी वाढत नाही, म्हणून सालीचा मूळ रंग हिरव्याकडून पिवळ्या किंवा सोनेरी-तपकिरी छटेकडे गेल्यावर एक फळ तोडून चाखावे आणि मगच पुढची तोडणी करावी. ती कुरकुरीत असतानाच खायची असतात आणि थंड जागी पुष्कळ आठवडे टिकतात. मात्र त्यांची साल नाजूक असते, बोटाच्या दाबानेही काळा डाग उमटतो, त्यामुळे देठ आखूड कापून फळे टोपलीत एकाच थरात ठेवावीत.